पंगत आणि पार्सल

काही महिन्यांपूर्वी महासाथीच्या काळातील साहित्यावर झालेल्या एका चर्चासत्राला मी श्रोता म्हणून हजर होतो. एका वक्त्यांनी ओघात न्यूयॉर्कमधील एका चर्चचा दाखला दिला. मॅनहॅटनच्या चेल्सी भागातले ‘चर्च ऑफ द होली अपॉसल्स’. तेथे १९८२ पासून बेघर आणि भुकेल्या माणसांसाठी अन्नछत्र चालत आले आहे. मार्च २०२० मध्ये साथ शहरात पसरली, तेव्हा आत बसवून वाढणे थांबवावे लागले. चर्चने दाराशी तयार जेवणाच्या पिशव्या द्यायला सुरुवात केली आणि काम बंद पडू दिले नाही. वक्त्यांचा निष्कर्ष असा होता की संस्थांनी परिस्थितीशी कसे जुळवून घ्यावे, याचा हा वस्तुपाठ आहे. टेबलाच्या जागी पिशवी आली, इतकेच. अन्न तेच राहिले, माणसे तीच राहिली. सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. परतीच्या एसटीत मात्र त्या टाळ्या मला खुपू लागल्या, आणि त्या का खुपल्या हे शोधण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

माझे भांडण ‘इतकेच’ या शब्दाशी आहे. चर्चच्या दाराशी साथीच्या दिवसांत तोंडाला फडके बांधून जे उभे राहिले, त्यांच्याशी माझा काडीचाही वाद नाही. शहरातली अनेक अन्नछत्रे तेव्हा बंद पडली होती. अशा कामात हातभार लावणारे पुष्कळसे स्वयंसेवक निवृत्त, वयस्क असतात आणि त्यांनाच घरी राहण्यास सांगितले जात होते. अशा वेळी जे करता आले ते त्यांनी केले, आणि ते करायलाच हवे होते. वाद आहे तो दुरून टाळ्या वाजवणाऱ्यांशी. म्हणजे आपल्याशी, साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांशी. शब्दांच्या छटा तपासणे हे ज्यांचे पोटापाण्याचे काम, त्यांना ‘अन्न’ आणि ‘जेवण’ यांतला फरक दिसू नये, हे मला अक्षम्य वाटते.

*

आधी त्या चर्चविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण वक्त्यांनी सांगितलेल्या हकिगतीतून नेमका महत्त्वाचा भाग गळला होता.

नाइन्थ अॅव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता यांच्या कोपऱ्यावरची ही इमारत १८४०च्या दशकातली. चर्च एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतले. येथले अन्नछत्र सुरू झाले ते ऑक्टोबर १९८२ मध्ये, आणि ते वर्ष समजून घेतल्याशिवाय पुढचे समजत नाही. त्याआधीच्या दशकात न्यूयॉर्कमधली एका खोलीची, स्वस्त भाड्याची हॉटेले झपाट्याने मोडीत निघाली होती. एकटी, गरीब, थकलेली माणसे अशा खोल्यांत आयुष्य काढीत. जागांचे भाव चढू लागले, जुन्या इमारतींचे महागड्या घरांत रूपांतर करणाऱ्यांना करसवलत मिळू लागली, आणि खोल्यांतली माणसे रस्त्यावर आली. मनोरुग्णालये रिकामी केली गेली. बाहेर पडलेल्यांची सोय समाजात होईल, हे आश्वासन बरेचसे कागदावर राहिले. रेगन सरकारने कल्याणकारी खर्चाला कात्री लावली. १९८१ मध्ये एका बेघर माणसाच्या नावाने चाललेल्या कॅलाहन खटल्यात तडजोड होऊन बेघर पुरुषांना निवारा देण्याचे बंधन शहराने पत्करले. छप्पर निदान कायद्याच्या भाषेत हक्क झाले. ताटात वाढलेले गरम जेवण मात्र कोणाच्याच हक्काचे झाले नाही.

येथे एक तपशील मुद्दाम नोंदवतो. अमेरिकेत गरिबांना अन्नखरेदीसाठी सरकारी मदत मिळते. तिला पूर्वीपासून ‘फूड स्टॅम्प’ म्हणतात. या मदतीचा सर्वसाधारण नियम असा की तिच्यातून शिजवलेले, गरम अन्न विकत घेता येत नाही. काही अपवाद आहेत. पण नियम तो नियमच. पीठ घ्या, डाळी घ्या, दूध घ्या. सूप गरम असेल तर नाही. नियम करणाऱ्याने गृहीत धरले आहे की घेणाऱ्याकडे चूल आहे, भांडे आहे, नळ आहे, चार भिंती आहेत. ज्याच्याकडे यांतले काहीच नाही, त्याच्या भुकेला या मदतीत जागा अपुरी पडते. होली अपॉसल्ससारखी अन्नछत्रे या उणिवेतून उभी राहिली.

आता गळलेला भाग. एप्रिल १९९० मध्ये या चर्चला मोठी आग लागली. आगीनंतरही अन्नछत्र चालू राहिले. तोवर जेवण शेजारच्या इमारतीत होत असे. चर्चची दुरुस्ती झाली, तेव्हा प्रार्थनेसाठी असलेली जमिनीला ठोकलेली लाकडी बाके पुन्हा बसवायची नाहीत, असे ठरले. ती जागा मोकळी ठेवली गेली, आणि त्या मोकळ्या जागेत, रंगीत काचांच्या खिडक्यांखाली, जेवणाची गोल टेबले आली. रविवारी जेथे उपासना, तेथेच आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारचे जेवण. दिवसाला हजाराच्या आसपास माणसे. जेवायला येणाऱ्यांना तेथे ‘पाहुणे’ म्हणतात. कोण, कुठला, का आलास, असे विचारत नाहीत. जेवणाआधी प्रार्थना म्हणण्याची अट नाही.

ज्यांना देवळाचा गाभारा, सभामंडप, महाद्वार आणि पायरी यांच्यातल्या अंतराचा इतिहास ठाऊक आहे, त्या मराठी वाचकाला या कृतीचा अर्थ वेगळा सांगायला नको. चोखोबांची समाधी पंढरपुरात कुठे आहे, ते आपण जाणतो. १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण कशासाठी करावे लागले, तेही जाणतो. भुकेल्याला दाराशी अन्न देणारी देवस्थाने जगात पुष्कळ आहेत. प्रार्थनेची बाके काढून त्या जागी भुकेल्याला बसवणारे स्थान विरळा. आगीने जे आत आणले, ते तीस वर्षांनी साथीने पुन्हा दाराबाहेर नेले. वक्ते ज्याला ‘जुळवून घेणे’ म्हणाले, ती एक माघार होती. अपरिहार्य होती, शहाणपणाची होती, प्राण वाचवणारी होती, पण माघारच. माघारीला विजय म्हणण्याची खोड लागली की हरलेली जागा परत घ्यायची आहे, याचाच विसर पडतो.

*

‘पार्सल’ हा शब्द मराठीने इतका आपलासा केला आहे की त्यात काय काय गृहीत आहे ते आपल्या लक्षात येत नाही. खाणावळीतून पार्सल घेऊन निघणारा माणूस कुठेतरी निघालेला असतो. तो घरी जातो, पिशवीची गाठ सोडतो, ताटली घेतो, पाण्याचा तांब्या भरतो, बसतो, जेवतो, हात धुतो, उरलेला कागद कचऱ्याच्या डब्यात टाकतो. या साखळीतील ‘घर’ ही कडी काढून टाका आणि पुन्हा वाचा. पार्सल ही घर असलेल्याची सोय आहे. बेघराच्या हातात पार्सल दिले की त्याला अन्न मिळते आणि त्याच क्षणी दुसरा प्रश्न मिळतो: आता हे घेऊन कुठे जाऊ?

२०२०च्या वसंतात न्यूयॉर्कमध्ये या प्रश्नाला उत्तर नव्हते. मार्चच्या मध्यालाच सार्वजनिक ग्रंथालये बंद झाली होती. ती शहरातल्या बेघरांची दिवसाची बैठक. तेथे खुर्ची होती, ऊब होती, स्वच्छतागृह होते. उपाहारगृहे आतून बंद होती, तेव्हा एक कप कॉफीच्या मोलाने तासभर टेकायची सोयही गेली. ६ मे २०२० पासून भुयारी रेल्वे रात्री एक ते पाच बंद ठेवली जाऊ लागली. चोवीस तास चालण्याचा जिला अभिमान, त्या रेल्वेत ठरवून रोजची रात्रबंदी याआधी कधी झाली नव्हती. कारण निर्जंतुकीकरणाचे सांगितले गेले. पण डब्यांत झोपणाऱ्यांना मध्यरात्री फलाटावर उतरवले जाई, हाही त्या बंदीचा भागच होता. सगळ्यांना ‘घरी राहा’ असे सांगितले जात होते. ज्याला घर नाही, त्याच्यासाठी हे वाक्य अर्थहीन होते. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आणि अर्थहीन. असल्या वाक्यांवर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो.

आणि तरीही, टेबले अशक्य होती असे नाही. जून २०२० मध्ये शहराने उपाहारगृहांना पदपथावर आणि रस्त्यालगतच्या मोटारी लावण्याच्या जागेवर टेबले मांडायची मुभा दिली. बघता बघता लाकडी मांडव उभे राहिले, दिव्यांच्या माळा लागल्या, कुंड्या आल्या. थंडी पडू लागली तेव्हा शेगड्यांनाही परवानगी मिळाली. व्यवसाय वाचले, नोकऱ्या वाचल्या. त्याबद्दल तक्रार नाही. पण चित्र पाहा. त्याच शहरात, त्याच साथीत, ज्याच्या खिशात पैसे होते त्याच्यासाठी रस्त्यात टेबल मांडले गेले, आणि ज्याच्या खिशात नव्हते त्याच्या हाती पिशवी दिली गेली. विषाणू दोघांनाही सारखाच होता. उघड्यावरचे टेबल एकाला सुरक्षित आणि दुसऱ्याला धोक्याचे, असे वैद्यकशास्त्र काही सांगत नव्हते. बेघरांसाठी रस्त्यावर मांडव घालण्याचा खर्च एकट्या चर्चने करावा, असे मी म्हणत नाही. मी विचारतो ते हे की, टेबल हा काहींच्या बाबतीत ‘उद्योग’ ठरतो आणि इतरांच्या बाबतीत ‘चैन’ ठरतो, तो कोणत्या न्यायाने? आणि असा निवाडा झालेला असताना आपण ‘इतकेच’ कसे म्हणतो?

*

कोणी म्हणेल, न्यूयॉर्कच्या टेबलांची उठाठेव मराठीच्या मास्तराने कशाला करावी? मला वाटते, ती करण्याचा अधिकार आणि जबाबदारी मराठीच्या मास्तराइतकी फार थोड्यांना पोहोचते. कारण कोण कोणाजवळ बसून जेवतो, यावर आपल्याइतका बारीक शब्दसंग्रह क्वचितच दुसरा असेल.

आपल्याकडे ‘शिधा’ आहे. तो कोरडा, ज्याच्या हातचे शिजवलेले चालत नाही त्याच्याकडून घ्यायचा, किंवा ज्याला आपल्या पंगतीत बसवायचे नाही त्याला द्यायचा. ‘माधुकरी’ आहे, दारोदार हिंडून मागायची आणि आपल्या जागी नेऊन खायची. ‘वार लावून जेवणे’ आहे. आठवड्याच्या सात दिवसांची सात घरे. ‘सदावर्त’ आहे, ‘अन्नछत्र’ आहे, ‘प्रसाद’ आहे. ‘उष्टे’ आहे आणि ‘शिळे’ आहे. ‘पंक्तिभेद’ आहे, ‘पंक्तिप्रपंच’ आहे, आणि समाजशास्त्राच्या भाषेत ‘रोटीबंदी’ आहे. या साऱ्या शब्दांत अन्न समान आहे. बदलते ती जागा: आत की बाहेर, बसून की उभ्याने, हातात की पदरात, बरोबर की नंतर. शरणकुमार लिंबाळे यांच्या १९८४ साली आलेल्या ‘अक्करमाशी’त शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुले वेगळ्या झाडाखाली बसून जेवतात आणि त्यांचे उरलेले अन्न गोळा होऊन महारांच्या मुलांकडे येते. त्या मुलांच्या पोटात त्या दिवशी कदाचित रोजच्याहून चांगले अन्न गेले असेल. ‘अन्न तेच राहिले’ हा निकष लावला तर त्या प्रसंगात तक्रार करण्यासारखे काहीच उरत नाही. आपण ते पुस्तक अभ्यासक्रमाला लावतो, परीक्षेत त्यावर प्रश्न विचारतो, आणि चर्चासत्रात ‘इतकेच’वर टाळ्या वाजवतो.

साथीच्या काळात ‘सामाजिक अंतर’ हा शब्दप्रयोग आपण किती सहज स्वीकारला, तेही आठवावे. अंतर शारीरिक हवे होते. सामाजिक अंतराचा आपल्याकडे आधीच तोटा नव्हता. काहींनी तेव्हाच हा आक्षेप घेतला, पण शब्द रुळला तो रुळलाच.

येथे चहाच्या वेळी कानावर आलेल्या दुसऱ्या मताचा परामर्श घेतो. एक प्राध्यापक म्हणाले, ‘चर्चचे अन्नछत्र म्हणजे शेवटी धर्मांतराचाच उद्योग.’ होली अपॉसल्सपुरते उत्तर वर आलेच आहे: तेथे प्रश्न विचारत नाहीत आणि अट घालत नाहीत. आपल्या भूमीवर दुष्काळात मिशनांनी अन्न दिले, त्यातून धर्मांतरे झाली आणि त्यांवर वादही झाले. तो इतिहास नाकारण्याचे कारण नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात १८९६-९७च्या दुष्काळातल्या शेकडो मुली-बाया आल्या, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. पण या आक्षेपकांनी एकदा ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये धर्म बदलला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांचा झगडा ईश्वरविषयक सिद्धान्तांशी फारसा नाही. तो आहे सोवळ्याशी, पाण्याच्या भांड्याशी, कोणाच्या हातचे खावे याच्याशी. माणूस बदलतो तो ताटावर, हे त्या बाईंनी कोणत्याही धर्मशास्त्र्याहून स्वच्छ सांगितले आहे. भुकेल्याला ख्रिस्ती लोक आपल्याजवळ बसवतात म्हणून ज्यांना भीती वाटते, त्यांनी विचारावे की आपण त्याला कुठे बसवले होते.

*

दुसरा शब्द ‘शेजारी’. अमेरिकेतली चर्चे अलीकडे बेघरांविषयी बोलताना ‘आमचे बेघर शेजारी’ असा शब्दप्रयोग करतात. मराठीत तो प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटतो. आपला शेजार घराला घर लागून असतो. भिंत, कुंपण, ओटा, विरजणाला दिलेली वाटी, हे सारे शेजारधर्मात येते. ज्याला घर नाही त्याला शेजार कुठून? पण या विसंगतीतच त्या शब्दप्रयोगाचे सामर्थ्य आहे. घर नसतानाही तू माझा शेजारी आहेस असे म्हटले, की बेघरपणा त्याचा राहत नाही, माझ्या शेजाराचा होतो. त्याचे बिऱ्हाड माझ्या भिंतीला लागून असायला हवे होते, ते नाही, एवढी कबुली त्या शब्दात आहे.

या शब्दाची परीक्षाही साथीनेच घेतली. निवारागृहांतल्या मोठ्या दालनांत खाटेला खाट लागून माणसे झोपत. तेथे संसर्ग पसरू नये म्हणून न्यूयॉर्क शहराने हजारो बेघरांना रिकाम्या पडलेल्या हॉटेलांत हलवले. जुलै २०२० मध्ये अप्पर वेस्ट साइड या सुखवस्तू आणि स्वतःला उदारमतवादी म्हणवणाऱ्या भागातील ल्युसर्न हॉटेलात पावणेतीनशेच्या आसपास पुरुष आणले गेले. रहिवाशांपैकी काहींनी त्यांना तेथून हलवण्यासाठी संघटना उभी केली, पैसे जमवले, वकील नेमला. त्याच भागातल्या दुसऱ्या काहींनी या माणसांच्या बाजूने वेगळा गट उभा केला. पुढे न्यायालयात लढा चालला. चर्चच्या दाराशी पिशवी घेणाऱ्या माणसाविषयी सर्वांना सहानुभूती होती. तोच माणूस शेजारच्या इमारतीत राहायला आला, तेव्हा सहानुभूतीला वकील लागला.

बायबलमध्ये एक शास्त्री येशूला विचारतो, माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगतो. ती आपल्या पाठ्यपुस्तकांतून बोधकथा म्हणून येऊन गेली असल्याने तिच्यातला एक तपशील आपण वगळतो. लुटारूंनी रस्त्यावर अर्धमेला करून टाकलेल्या माणसाला शोमरोनी मलमपट्टी करतो, आपल्या जनावरावर घालतो आणि उतारशाळेत नेतो. तेथे रात्रभर त्याच्याजवळ राहतो, दुसऱ्या दिवशी मालकाला पैसे देतो आणि जास्त लागले तर परत येताना देईन, असे सांगून जातो. म्हणजे तो त्याला छप्पर देतो, आणि खाते उघडे ठेवतो. पिशवी देऊन तो पुढे गेला असता तर ती गोष्ट दोन हजार वर्षे टिकली नसती.

*

आता तिसरा मुद्दा, जो निव्वळ आपला, साहित्यवाल्यांचा आहे. होली अपॉसल्सच्या अन्नछत्रात ‘द न्यू यॉर्कर’चे लेखक इयन फ्रेझर यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्याला एक लेखन कार्यशाळा सुरू केली. दुपारचे जेवण झाले की ज्यांना लिहायचे आहे त्यांनी मागे थांबायचे. विषय दिला जाई, माणसे लिहीत आणि लिहिलेले मोठ्याने वाचत. त्या लेखनाचा एक संग्रह २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २००८ मध्ये फ्रेझर यांनी त्या अनुभवावर दीर्घ लेखही लिहिला.

जेवणानंतर मागे थांबणे, हे येथे महत्त्वाचे आहे. ज्याला बसवले आहे तोच मागे थांबू शकतो. रांगेतल्या माणसाला पुढे सरकावेच लागते. मागे थांबला तर मागचा ओरडतो. अशी कार्यशाळा दारावरून निघत नाही. मराठी वाङ्मयाचा इतिहासही हेच सांगतो. काल्याच्या पंगतीला बसलेल्या वारकऱ्यांतून अभंग आला. उभ्याने, घाईत, पुढे सरकत कोणी ओवी रचली नाही. आपण ‘वंचितांच्या साहित्या’वर प्रबंध लिहितो, तेव्हा गृहीत धरतो की वेदना आपोआप बोलते. वेदना आपोआप बोलत नाही. तिला बसायला जागा, थोडी ऊब, पोटात काही आणि समोर ऐकणारे माणूस लागते. पिशवीने यांतली एक गोष्ट मिळते, फार तर दोन. महासाथीच्या साहित्यात बेघरांचा आवाज इतका क्षीण का, असा प्रश्न त्याच चर्चासत्रात शेवटी कोणीतरी विचारला होता. वक्त्यांनी त्याचे उत्तर स्वतःच्या भाषणात आधीच देऊन ठेवले होते. त्यांना ते कळले नव्हते.

*

येथवर मी इतरांची झाडाझडती घेतली. आता माझी.

आमचे तालुक्याचे गाव महामार्गावर आहे. २०२०च्या एप्रिल-मे महिन्यांत मुंबईहून निघालेली माणसे आमच्या गावावरून चालत जात होती. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या वतीने आम्ही काही प्राध्यापक आणि विद्यार्थी एसटी स्थानकाबाहेर पोळी-भाजीची पाकिटे वाटत होतो. जमिनीवर चुन्याची वर्तुळे आखली होती. एका दुपारी एका म्हाताऱ्याने पाकीट घेतले आणि विचारले, ‘मास्तर, हितंच बसून खाऊ का? उठवत्याल का?’ मागे रांग होती. पोलिसांची गाडी दर अर्ध्या तासाने येऊन बसलेल्यांना उठवत होती. मी म्हणालो, ‘बाबा, पुढे जाऊन खा. इथे गर्दी नको.’ तो गेला. त्या संध्याकाळी अहवालाच्या रकान्यात मी दोनशे चाळीस हा आकडा लिहिला. त्यात तो म्हातारा आहे. त्याचा प्रश्न नाही. स्थानकाच्या आत, पत्र्याच्या शेडखाली, बाके रिकामी पडली होती. शेडच्या दाराला कुलूप होते, आणि किल्ली कोणाकडे आहे हे विचारावे, असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नाही.

८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ, करमाडनजीक, रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र सर्वांनी पाहिले आणि त्यावर पुष्कळ कविता आल्या. बहुतेक कवितांनी त्या पोळ्यांत भूक पाहिली. मला त्या छायाचित्रात उलटे दिसते. त्यांच्याजवळ पोळ्या होत्या. टेकायला जागा नव्हती. अन्न सोबत असलेली माणसे जागेअभावी रुळांवर निजली. आमच्या पाकिटांचा अहवाल त्या छायाचित्राशेजारी ठेवून वाचला, तर दोनशे चाळीस या आकड्याचा अर्थ बदलतो.

शासनाच्या योजनेचेही असेच झाले. २६ जानेवारी २०२० रोजी राज्यात दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्या नावातच ‘थाळी’ होती: बसा, वाढून घ्या, जेवा. टाळेबंदीत तिची किंमत पाच रुपयांवर आली, २०२१च्या दुसऱ्या लाटेत काही काळ ती मोफतही झाली. आणि थाळीचे पार्सल झाले. दर कमी होत गेला आणि जागाही. वर्तमानपत्रांनी दराच्या बातम्या दिल्या. जागेची बातमी होत नाही.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. साथीत पिशवी द्यावी लागली, हे मान्य. पुन्हा साथ आली तर पुन्हा पिशवीच द्यावी लागेल, हेही मान्य. पण पिशवी ही उसनवारीची चिठ्ठी आहे, फेड नव्हे. ज्या दिवशी आपण माणसाला टेबलावरून उठवून दाराशी उभे केले, त्या दिवशी आपण त्याचे देणे लागलो, आणि ते देणे पाकिटांच्या आकड्याने फिटत नाही. न्यूयॉर्कच्या त्या चर्चने बाके काढून टेबले मांडली, तेव्हा हे देणे काय असते ते जगाला दाखवले होते. त्याचे कौतुक करायचे तर त्यासाठी करावे.

या म्हणण्यात अतिरेक आहे, असे वाटणाऱ्यांनी जरूर प्रतिवाद करावा. मला तो हवा आहे. फक्त एक विनंती. प्रतिवाद लिहायला बसण्यापूर्वी आपल्या गावच्या एसटी स्थानकाच्या शेडला कुलूप आहे का, आणि असल्यास किल्ली कोणाकडे आहे, एवढे विचारून यावे. मी यंदा विचारले. किल्ली आमच्याच एका माजी विद्यार्थ्याकडे होती.